बूट लवकर व्हायला कुठली ड्राइव्ह घ्यायची? साटा एसएसडी, एनव्हीएमई की नवीन हार्ड डिस्क

खानापूरच्या एका दादांनी विचारलंय. त्यांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बॅनर, उतारे काढून देणं, पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरणं असली सगळी कामं. मशीन जुनं आहे, थर्ड जनरेशन आय थ्री, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. सकाळी बटन दाबलं की काम करण्यासारखं व्हायला चार-पाच मिनिटं जातात म्हणे, तोवर समोर गिऱ्हाईक उभं. एकानं सांगितलं १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे केबलशिवाय स्लॉटात बसणारी वेगवान एसएसडी, घ्या, कार्ड लावून बसवून देतो. दुसरा म्हणाला नवीन ७२०० ची हार्ड डिस्क टाका, एसएसडीचा, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हचा, काय भरवसा नाही. तिसरा म्हणतोय रॅम वाढवा सगळं सुटतंय. शिवाय घरी मुलीचा सहा-सात वर्षांचा लॅपटॉप आहे, तोही असाच रखडतोय.

उत्तर आधी देतो, कारणं मागनं. दुकानच्या मशीनला अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी, घ्या, २५० ची चालेल, ५०० ची परवडली तर उत्तम, पण नावाजलेल्या कंपनीची. सोबत ४ जीबी रॅमची अजून एक पट्टी. एनव्हीएमईचा नाद ह्या बोर्डावर सोडा. आणि नवीन हार्ड डिस्क बूटसाठी तर घेऊच नका, फुकट मिळाली तरी ती डेटा ठेवायला वापरा.

आता का ते बघा. लोक ड्राइव्ह घेताना बॉक्सवरचा मोठा आकडा बघतात, ५५० एमबी प्रति सेकंद, ३५०० एमबी, ७००० एमबी, आणि वाटतंय की आकडा दुप्पट म्हणजे मशीन निम्म्या वेळात चालू. तसं नसतंय. तो आकडा एक मोठी फाईल सलग वाचण्याचा असतोय, म्हणजे दोन जीबीचा व्हिडिओ इकडून तिकडं नेताना कामाचा. विंडोज चालू होताना असली एक मोठी फाईल वाचली जात नाही, तिथं हजारो बारक्या बारक्या फायली, ड्रायव्हर, रजिस्ट्रीचे तुकडे, फॉन्ट, सर्व्हिसेस, डिस्कच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून उचलल्या जातात. शंभर कागदांचा गठ्ठा एका कपाटातून उचलून आणणं आणि तेच शंभर कागद शंभर कपाटं उघडून एकेक करून आणणं ह्यात जो फरक आहे तोच इथं.

हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते. ७२०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे, एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. पाहिजे तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद थांबावं लागतंय. त्याआधी हेड त्या ट्रॅकवर सरकायला अजून ८-९ मिलिसेकंद. झाले १२-१३ मिलिसेकंद, एका बारक्या तुकड्यासाठी. म्हणजे सेकंदाला फार तर ८० तुकडे. एक तुकडा ४ केबीचा धरला तर ती सलग वाचताना १५० एमबीनं पळणारी डिस्क इथं सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा देत नाही. समजा बूट होताना असे विखुरलेले १०,००० तुकडे वाचायचे आहेत, नुसत्या ह्या वाट बघण्यातच दोन मिनिटं गेली. लॅपटॉपमधल्या ५४०० च्या डिस्कला तर ह्याहून जास्त. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथं एका तुकड्याला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास लागतंय, तेच १०,००० तुकडे एका सेकंदात. हिशोब ढोबळ आहे, डिस्क आणि विंडोज दोघंही क्रम लावून थोडी चलाखी करतात, पण हा सगळा खेळ थांबण्याचा आहे, पळण्याचा नाही, एवढं कळलं तर ड्राइव्ह घेताना कोण फसवू शकत नाही.

तुमच्या मशीनवर स्वतः बघायचं असेल तर उद्या सकाळी मशीन चालू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. वर आलेख १०० टक्क्यांना चिकटलेला दिसेल आणि खाली रीड स्पीड दीड एमबी, दोन एमबी, कधी ८०० केबी. डिस्क शंभर टक्के राबतीय आणि देतीय चिमूटभर. शेजारी सीपीयू बघा, वीस-तीस टक्क्यांवर निवांत बसलेला असेल. हे चित्र दिसलं की दुसरं निदान करायची गरज नाही, ड्राइव्ह बदलायची. उलट डिस्क शांत आहे आणि सीपीयू शंभरला लागलाय असं दिसलं तर मात्र एसएसडी आणून पैसे घालवू नका, तिथं अँटिव्हायरस नाहीतर अपडेट नाहीतर व्हायरस ह्यापैकी काहीतरी बसलेलं असतंय.

म्हणून नवीन ७२०० ची हार्ड डिस्क घेऊन काय होणार? जुनी खराब होत आली असेल तर नवीन थोडी बरी चालेल, पण तबकडी ती तबकडीच. मध्ये काही वर्षं हायब्रिड डिस्क यायच्या, हार्ड डिस्कलाच थोडी फ्लॅश, म्हणजे एसएसडीतली चिप, चिकटवलेल्या, इंटेलनं २०१७ ला ऑप्टेन मेमरी म्हणून १६ आणि ३२ जीबीच्या बारक्या पट्ट्या काढल्या हार्ड डिस्कला जोर द्यायला, पण साध्या एसएसडी स्वस्त झाल्या आणि ते सगळं मागं पडलं, ऑप्टेनचा धंदा इंटेलनं २०२२ ला आवरताच घेतला. जुन्या मालात कुणी हायब्रिड डिस्क गळ्यात मारायला लागला तर घेऊ नका.

रॅमवाल्याचं अर्धं बरोबर आहे. ४ जीबीत विंडोज १०, क्रोम, फोटोशॉप, वर नुडी आणि श्रीलिपी ही टायपिंगची सॉफ्टवेअरं, एवढं मावत नाही, मग ते रॅममधलं उचलून डिस्कवर टाकत बसतंय आणि परत आणतंय. पण ते बूट झाल्यानंतरचं दुखणं. बूट होताना सगळं डिस्कवरनंच वाचावं लागतंय, रॅम १६ केली तरी पहिली दोन मिनिटं तिथंच राहणार. पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी एसएसडी, पुढच्या महिन्यात रॅम. एच६१ ला बहुतेक बोर्डांवर दोनच स्लॉट असतात, डीडीआर थ्रीचे, दुसरा रिकामा आहे का उघडून बघा. आणि विंडोज ३२ बिट घातलेलं असेल तर ४ च्या वरची रॅम ते वापरणारच नाही, हे आधी सिस्टीमच्या माहितीत बघून घ्या, नाहीतर रॅम आणून बोंबलत बसाल.

आता त्या एनव्हीएमईचं. एनव्हीएमई वाईट नाही, माझ्या स्वतःच्या मशीनला तीच आहे. पण इथं दोन गोष्टी आहेत. पहिली, एच६१ बोर्ड २०११ च्या पिढीतला, त्याच्या बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रामला, एनव्हीएमईवरनं बूट करायचं कळतच नाही. साधारण २०१४ ला ९ सिरीजचे चिपसेट आले, तिथपासनं बोर्डांना हे यायला लागलं. पीसीआय कार्डावर एनव्हीएमई बसवली तर विंडोजमध्ये ती दुसरी ड्राइव्ह म्हणून दिसेल, त्यावर फायली ठेवता येतील, पण मशीन तिच्यावरनं चालू होणार नाही. बायोस मॉड करून, नाहीतर पेन ड्राइव्हवर वेगळा बूटलोडर ठेवून करणारे लोक आहेत, पण दुकानच्या मशीनला असले उद्योग कशाला? एक दिवस कुणीतरी तो पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या गिऱ्हाइकाचा समजून काढून देईल आणि सगळं बंद.

दुसरी गोष्ट, चालत असतं तरी फार फरक पडला नसता. बारके तुकडे एकेक करून वाचताना चांगली साटा एसएसडी सेकंदाला ३०-४० एमबी देते, एनव्हीएमई ५० ते ८०. बॉक्सवर सहापट बारापट दिसतंय ते इथं येऊन दीडपट दुप्पट होतंय. आणि बूटमध्ये तेवढंच काम नसतंय, सीपीयूला ड्रायव्हर चालू करायचे असतात, बायोसला आपली तपासणी करायची असते. एकाच मशीनला साटा काढून एनव्हीएमई टाकली तर बूटमध्ये दोन-चार सेकंद वाचतात. एनव्हीएमईच्या जेन थ्री आणि जेन फोर ह्या पिढ्यांतला फरक तर डोळ्याला दिसतच नाही, जेन फाईव्ह म्हणजे मोठे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांचं काम, आणि ती तापते ते वेगळंच.

ह्यावर कुणीतरी हमखास म्हणणार की एच६१ ला साटाचे पोर्ट पण जुने आहेत, ३ गिगाबिटवाले, एसएसडी ६ गिगाबिटची, मग पैसे वाया की. नाही हो. ३ गिगाबिटच्या पोर्टातनं २७०-२८० एमबी आरामात जातात, आणि आपल्याला लागतात ३०-४०. मोठी फाईल कॉपी करताना निम्मा वेग मिळेल, बूटला काही फरक नाही. एच८१ वाल्यांनी मात्र बघावं, त्यावर दोन पोर्ट ६ चे आणि दोन ३ चे असतात, बोर्डावरच पोर्टाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय, मोबाईलची बॅटरी मारून वाचा आणि एसएसडी ६ वाल्यात लावा.

नवीन मशीन घेणाऱ्यांनी मात्र सरळ एनव्हीएमईच घ्यावी, बोर्डावर स्लॉट आहे, केबल लागत नाही, किमतीतही साटाच्या आसपासच असते. फक्त एक बघा, त्या लांबट एम डॉट टू आकारात साटा एसएसडी पण येतात आणि एनव्हीएमई पण येतात, दिसायला सारख्याच. साटावालीला बहुतेक दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुतेक एकच. पण नुसत्या खाचेवर जाऊ नका, बोर्डाच्या किंवा लॅपटॉपच्या मॉडेलचं मॅन्युअल काढून स्लॉट काय काय घेतो ते वाचा. मी बघितलंय लोक बसवतात, बसते पण, आणि मशीनला दिसतच नाही, मग ड्राइव्ह डेड आहे म्हणून दुकानदाराशी भांडण. आकारही बघायचा, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, काही लॅपटॉपमध्ये ४२ लांबीचीच जागा असते. आणि काही बोर्डांवर एम डॉट टू लावली की साटाचा एखादा पोर्ट बंद पडतो, तेही मॅन्युअलमध्येच असतंय, जे कोणी वाचत नाही.

मुलीच्या लॅपटॉपला खाली झाकण उघडून बघा, सहा-सात वर्षांचा आहे म्हणजे एम डॉट टू स्लॉट रिकामा असायची शक्यता चांगली आहे. असेल आणि एनव्हीएमई घेत असेल तर तीच टाका, जुनी डिस्क डेटाला राहू दे. नसेल तर हार्ड डिस्कच्या जागी ७ मिलिमीटर जाडीची अडीच इंची एसएसडी बरोबर बसते. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ती काढून तिथं कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, लावून जुनी डिस्क ठेवता येते, कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते, मोजून घ्या. एसएसडी मूळ जागेत आणि हार्ड डिस्क कॅडीत, उलटं नको, काही लॅपटॉपना कॅडीवरनं बूट करायला जमत नाही. त्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का तेवढं बघा, असेल तर काम सुरू करायच्या आधी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमधनं काढून वहीत लिहून ठेवा.

आता साटात कुठली. बाजारात दोन प्रकारचा माल आहे, एक ज्याची कंपनी उद्या पण असेल, आणि दुसरा चकचकीत डब्यातला, ज्याचं नाव गेल्या वर्षी ऐकलं नव्हतं आणि पुढच्या वर्षी ऐकू येणार नाही. दुसऱ्या प्रकारातली माझ्या टेबलावर कितीतरी येतात, एक दिवस चालू होतात आणि दुसऱ्या दिवशी बायोसला दिसतच नाहीत. हार्ड डिस्क मरायच्या आधी खडखडते, आवाज करते, हळू होते, माणसाला वेळ मिळतोय. एसएसडी बहुतेक वेळा न सांगता जाते आणि आतला डेटा काढणं हार्ड डिस्कपेक्षा अवघड आणि महाग. म्हणून इथं दोन-चारशे रुपये वाचवायचे नाहीत. सॅमसंगची ८७० ईव्हीओ मला पसंत आहे, टीएलसी प्रकारची चिप, स्वतःची डीरॅम कॅशे म्हणजे कामापुरती वेगवान मेमरी, पाच वर्षांची वॉरंटी. तेवढं बजेट नसेल तर डब्ल्यूडी, किंग्स्टन ह्यांच्या साध्या, बिगर डीरॅमच्या चालतात, बूटला फरक कळत नाही, खूप मोठ्या फायली लिहिताना त्या दमतात.

क्यूएलसी नावाची स्वस्त चिप असलेल्या पण आहेत. त्या वाचायला ठीक, पण एकदम पन्नास-शंभर जीबी कॉपी करायला घातलं की सुरुवातीची कॅशे भरली की वेग हार्ड डिस्कच्या पण खाली येतो. तुम्ही बॅनरच्या मोठमोठ्या फायली इकडं तिकडं करणार, टीएलसीच घ्या.

लिहून लिहून एसएसडी झिजते ही भीती लोकांच्या मनातनं जात नाही. झिजते, खोटं नाही, पण हिशोब बघा. ८७० ईव्हीओच्या २५० जीबीला कंपनी १५० टीबी लिहिण्याची हमी देते. दुकानात दिवसाला २० जीबी लिहिलं, आणि हे बरंच झालं, तरी ७५०० दिवस, म्हणजे वीस वर्षं. किंग्स्टनच्या ए४०० मधल्या २४० ला ८० टीबी आहे, ती पण अकरा वर्षं. तोवर बोर्डच राहणार नाही. एसएसडी मरते ती झिजून कमी आणि कंट्रोलर, म्हणजे तिला चालवणारी चिप, गेल्यामुळं, विजेच्या झटक्यानं जास्त.

आणि विजेवर आलोच आहोत तर खानापूर भागात पावसाळ्यात लाईटचं काय असतंय हे मी तुम्हाला सांगायला नको. जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस सुरू झाला की हेस्कॉमची लाईट जाते येते जाते येते. लिहिता लिहिता करंट गेला तर हार्ड डिस्क असो एसएसडी असो, फाईल सिस्टीम बिघडते, मग पुढच्या बूटला चेक डिस्क चालत बसतंय आणि माणूस म्हणतोय एसएसडी टाकून पण स्लो. यूपीएस आहे म्हणाल, पण त्याची बॅटरी शेवटची कधी बदलली? मेन बंद करून बघा एकदा, सगळी कामं सेव्ह करून. मशीन लगेच बंद पडलं तर तो यूपीएस नुसता लोखंडी डबा आहे. एसएसडीच्या आधी ती बॅटरी बदला म्हणलं तरी चालेल.

ड्राइव्ह आणायच्या आधी अजून एक काम करा, वेळ नेमका कुठं जातोय ते तुकडे पाडून बघा. बटन दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह येईपर्यंत किती, चिन्हापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत किती, डेस्कटॉप दिसल्यापासून माऊस सुरळीत चालेपर्यंत किती. मोबाईलवर घड्याळ लावून मोजा, आणि मोजताना शटडाऊन करून नको, रिस्टार्ट करून मोजा, कारण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप म्हणून भानगड आहे, शटडाऊन केलं तरी अर्धी सिस्टीम डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते, खरं बूट रिस्टार्टलाच होतंय. मोजमाप पक्कं पाहिजे असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डायग्नोस्टिक्स परफॉर्मन्सचा लॉग आहे, त्यात १०० नंबरच्या इव्हेंटला बूटला लागलेला वेळ मिलिसेकंदात लिहिलेला असतोय.

पहिल्या टप्प्यात वेळ जात असेल तर एसएसडीनं तो कमी होणार नाही, हे नीट ध्यानात घ्या. तिथं अजून विंडोजचा संबंधच आलेला नाही. एका सोसायटीच्या ऑफिसातलं मशीन आलं होतं, एसएसडी नवी टाकलेली, तरी काळ्या स्क्रीनवर पाऊण मिनिट जायचं, टाकणाऱ्याला शिव्या बसत होत्या. बघितलं तर बायोसच्या बूट क्रमात पहिलं नेटवर्क, दुसरं पेन ड्राइव्ह आणि एसएसडी तिसरी, त्यात मागं कार्ड रीडर कायमचा खोचलेला. आधी ते नेटवर्कवरनं कोण बूट देतंय का वाट बघायचं, मग कार्ड रीडरला विचारायचं, मग एसएसडीकडं यायचं. क्रम बदलला, संपलं, एक रुपयाचं सामान लागलं नाही.

तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे डेस्कटॉप आल्यावर रखडत असेल तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये जा. डीटीपीवाल्यांच्या मशीनवर हमखास तीन-चार प्रिंटरांची सॉफ्टवेअरं, दोन अँटिव्हायरस, कुठलातरी मोफत पीडीएफवाला, अडोबचे अपडेटर, सगळे सकाळी एकदम उठून बसतात. प्रिंटर चालायला ते शाई दाखवणारं सॉफ्टवेअर चालू असावं लागत नाही, बिनधास्त डिसेबल करा. अँटिव्हायरस मात्र एकच ठेवा.

बरं, आता ड्राइव्ह आली असं धरून चला. पहिलं काम जुन्या डिस्कची तब्येत बघणं. क्रिस्टल डिस्क इन्फो म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ०५ नंबरची ओळ म्हणजे बदललेले सेक्टर आणि सी५ म्हणजे वाचायला अडकलेले सेक्टर. त्या दोन्हीपुढं शून्य असेल तर क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या ड्राइव्हवर, करायला हरकत नाही. सी५ मध्ये आकडा दिसला तर आधी पत्रिकांच्या फायली, फॉन्ट, गिऱ्हाइकांचा डेटा सगळा बाहेरच्या डिस्कवर काढा, क्लोन बिन नंतर, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर सलग तीन-चार तास क्लोन चालवला की ती मधेच जीव सोडते. सी७ ला आकडा वाढत असेल तर डिस्कपेक्षा साटा केबलवर संशय घ्या, ती लाल केबल पन्नास-शंभर रुपयांची असते, एसएसडी टाकताना नवीनच लावा, पाठीला क्लिप असलेली.

क्लोन की फ्रेश विंडोज, ह्यावर माझं मत असं की घरच्या मशीनला फ्रेशच घाला, दुकानच्या मशीनला क्लोन. तुमच्याकडं कन्नडसाठी नुडी, मराठीसाठी श्रीलिपी, वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट, त्यांची लायसन्स, प्रिंटरचे जुने ड्रायव्हर ज्यांची सीडी केव्हाच हरवली, हे सगळं परत बसवायला दोन दिवस दुकान बंद. क्लोनझिला फुकट आहे पण त्याला नवीन ड्राइव्ह जुनीएवढी किंवा मोठी लागते, ५०० वरनं २५० वर जायला ते सरळ जमत नाही, त्यासाठी पार्टिशन लहान करून नेणारी सॉफ्टवेअरं वेगळी, ड्राइव्हची कंपनी बऱ्याचदा स्वतःचं देते. आधी डेटा बाहेर काढून सी ड्राइव्ह हलकी करा. क्लोन झाला की मशीन बंद करून जुनी डिस्क काढा, फक्त एसएसडीवर चालवून बघा, चाललं की मग जुनी परत लावा. फ्रेश विंडोज घालतानाही तसंच, जुनी डिस्क आधी काढा, नाहीतर विंडोज जातंय एसएसडीवर आणि बूटलोडर बसतोय जुन्या डिस्कवर, आणि वर्षभरानं जुनी डिस्क मेली की एसएसडी धडधाकट असूनही मशीन चालू होत नाही.

बायोसमध्ये साटा मोड, म्हणजे ड्राइव्हशी बोलायची पद्धत, आयडीई ही जुनी आहे का एएचसीआय ही नवी तेही बघा, एच६१ च्या बऱ्याच मशीनना आयडीई ठेवून विंडोज घातलेलं असतंय. एएचसीआय पाहिजे, एसएसडीला ते सोयीचं. पण नुसतं बायोसमध्ये जाऊन बदललं तर विंडोज निळी स्क्रीन दाखवतंय. आधी एमएसकॉन्फिगमधनं सेफ बूट लावा, रिस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या, मग सेफ बूट काढा. ह्यातला पुढचा धोका कोणी सांगत नाही, बोर्डावरची ती नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी. दहा-बारा वर्षांच्या बोर्डात ती मेलेली असते, तारीख मागं जाते, एफ वन दाबा म्हणून थांबून राहतंय, आणि बायोसच्या सेटिंग मूळपदावर गेल्या की एएचसीआय परत आयडीई होतंय, मग एक दिवस सकाळी इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून निळी स्क्रीन. लोक एसएसडी गेली म्हणून दुकानात घेऊन येतात. एसएसडी टाकताना ती बॅटरी बदला, चाळीस-पन्नास रुपयांत काम होतंय.

बसल्यावर ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज उघडून त्यात सॉलिड स्टेट ड्राइव्ह असं दिसतंय का बघा, दिसलं म्हणजे विंडोजनं ओळखलं, ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी करणं, आपोआप करत राहील. बाहेरचं कुठलं डीफ्रॅगवालं सॉफ्टवेअर असेल तर उडवा. आणि ड्राइव्ह गच्च भरू नका, पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवा. गिऱ्हाइकांच्या जुन्या फायली जुन्या ५०० वर राहू देत, पण त्यांची अजून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर पाहिजेच.

खरेदी बेळगावात करा, कोल्हापुरात करा नाहीतर ऑनलाईन, बिल पक्कं घ्या आणि सीरियल नंबर डब्यावर, ड्राइव्हवर आणि सॉफ्टवेअरमध्ये तिन्हीकडं एकच आहे का बघा. नवी म्हणून घेतलेलीवर क्रिस्टल डिस्क इन्फोत दोन-तीन हजार तास चाललेली दिसली तर तशीच परत. भाव मी सांगत नाही, फ्लॅशचे दर ह्या महिन्याचे पुढच्या महिन्यात नसतात.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा आय थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, तिथं इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर लागतोय. म्हणून ह्या मशीनवर १ टीबीची महागडी ड्राइव्ह घालू नका म्हणतोय. साटा एसएसडी उद्या नवीन मशीन घेतलं तरी त्यात लावता येते, तोवर हे मशीन दोन-तीन वर्षं ओढेल, तीस सेकंदांच्या आसपास चालू होईल.

क्रिस्टल डिस्क इन्फो घालून त्याचा फोटो पाठवा, ०५, सी५ आणि सी७ ह्या तीन ओळी स्पष्ट दिसू देत, आणि सी ड्राइव्ह किती भरलीय तेही लिहा. त्यावरनं क्लोन करायचा का नाही आणि २५० भागते का ५०० लागणार ते सांगतो.